डाव्या डोळ्याने

पांढुर्ण्यात बाजारातून स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. तो टाकला तेव्हा मी पंचविशीत होतो आणि रोलचा जमाना होता. लग्नसराईत घरी जेवण होत नसे. आज तिगावकडे, उद्या रामाकोन्याला, परवा सौंसरला, असं चाले. बायको सौंसरची. लग्न झालं तेव्हा ती गमतीने म्हणायची, "सगळ्या गावाचे लग्न पाहून राहिले तुमी, आपल्या लग्नाचा फोटो मात्र एकही धड नाही."

एका सकाळी अल्बमात फोटो लावत होतो. उजव्या डोळ्यासमोर धूर आला. डोळा फिरवला की आत खोलवर दुखायचं. मला वाटलं रात्रीचं जागरण. पण कॅमेऱ्यातून पाहिलं तरी धूरच, म्हणून समजलो लेन्सला बुरशी लागली. लेन्स नागपूरला साफ करायला पाठवली. ती चकचकीत होऊन आली, धूर होता तिथेच राहिला. त्या दिवशी बायकोने संत्रं सोलून ताटलीत ठेवलं होतं. एक डोळा मिटून पाहिलं तर संत्रं, दुसरा मिटून पाहिलं तर मोसंबी. मी तिला सांगितलं तेव्हा ती हसली. मग तिने माझा चेहरा पाहिला आणि हसायची थांबली.

डोळ्याच्या डॉक्टरांनी नसेला सूज आहे म्हणून गोळ्या दिल्या. काही आठवड्यांत धूर निघून गेला. लाल रंग मात्र त्या डोळ्यात पूर्वीसारखा कधीच आला नाही. नवरीचा शालू त्या डोळ्याला खूपदा धुतल्यासारखा दिसतो, आजही.

पुढच्या उन्हाळ्यात डावा पाय जड पडायला लागला. मोजा घातलेला नसतानाही मोजा घातल्यासारखं वाटे. चप्पल रस्त्यात निघून जाई आणि मला कळत नसे. मी कोणाला बोललो नाही. मे महिना होता, रोज लग्न होतं, आणि पाय दाखवायला कुणाला वेळ होता?

रामाकोन्याजवळच्या एका गावात भर दुपारचं लग्न होतं. मांडवावर पत्रे, खाली गर्दी, हवा हलत नव्हती. अंतरपाट खाली जायचा तो क्षण वरून घ्यावा म्हणून मी एका बाकावर चढलो. मंगलाष्टकं संपत आली तशी डोळ्यांसमोर पांढरं झालं आणि डावा पाय माझा राहिलाच नाही. मी कॅमेरा छातीशी धरला आणि सरळ बायकांच्या घोळक्यात पडलो. कुणाची तरी काकू ओरडली. अक्षता माझ्या अंगावर पडत होत्या.

उठायला गेलो तर पाय थरथरून पुन्हा वाकला. जीभही जड झाली होती. "चक्कर आली" म्हणालो, ते भलतंच काहीतरी ऐकू गेलं असावं. नवरीचे वडील मांडवातून वाट काढत आले.

"पिऊन आला का बे?"

मी मानेनेच नाही म्हटलं. नवरीच्या मामाने माझी कॉलर धरून मला उभं केलं. "तोंड उघड," तो म्हणाला. आणि मी उघडलं. सगळ्या मांडवासमोर, वाजंत्री थांबलेली असताना, मी तोंड उघडून उभा राहिलो आणि त्याने नाक जवळ आणून वास घेतला.

"वास तं नाही येऊन राहिला," मामा म्हणाला. "पण गोळी-गिळी खाल्ली असन."

"नेऊन बसवा त्याले बाहेर. शोभा नका करू," नवरीचे वडील म्हणाले.

बाहेर लिंबाच्या सावलीत मला बसवलं. पाणी भरणाऱ्या एका बाईने न विचारता माझ्या डोक्यावर गडवाभर पाणी ओतलं. थोड्या वेळाने पाय परत आला, जीभ परत आली. मी उठून आत गेलो आणि पंगतीचे, बिदाईचे, सगळे फोटो काढले. कोणी मला अडवलं नाही आणि कोणी माझ्याशी बोललंही नाही. हार घालतानाचा फोटो तेवढा नव्हता. त्या जागी रोलवर मांडवाचा पत्रा आला होता, तिरपा.

त्यानंतर बायकोने माझं काही ऐकलं नाही. आम्ही नागपूरला गेलो. डॉक्टरांनी तळपायावर किल्ली ओढून पाहिली, एका रेषेत चालायला लावलं, मला येईना. मोठ्या मशीनमध्ये डोक्याचा फोटो काढला. मणक्यातून पाणी काढलं. मग समोर बसवून विचारलं, "लघवीची घाई होते का? थांबता येत नाही, असं?"

"नाही," मी म्हणालो.

"होते," बायको म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलंच नाही. तिला हे माहीत आहे हेच मला माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. आमच्या दोघांपैकी कोणालाही ते पुन्हा म्हणता येईना. नसांवर एक आवरण असतं, शरीर चुकून त्यालाच शत्रू समजतं, असं त्यांनी समजावलं. आधी डोळा, मग पाय, दोन्ही एकाच बिमारीचे. ऊन लागलं की त्रास उसळतो, थंड झालं की उतरतो. त्या दिवशी मांडवात काय झालं होतं ते मला त्या खोलीत कळलं.

"बरी होते का?" बायकोने विचारलं.

"मुळापासून बरी होत नाही. पण हिच्यासोबत माणसं म्हातारीही होतात. काम काय करता?"

"फोटो काढतो."

"मग काढा. उन्हात काढू नका."

गाडीत परत येताना मी तिला म्हणालो, "कोणाले सांगू नको." तिने खिडकीबाहेर पाहिलं. पांढुर्ण्याला उतरल्यावर प्लॅटफॉर्मवरच म्हणाली, "लोक माझ्या नवऱ्याले दारुड्या म्हणून राहिले. मी सांगीन."

तिने सांगितलं. शेजारी, किराणा दुकानात, हळदीकुंकवाला. "त्यायले नसांची बिमारी आहे. दारू नाही पीत ते." इतकं सरळ. मला वाटलं होतं की दारुड्या ठरण्यापेक्षा मोठी लाज नसते. पण त्याहून मोठी लाज निघाली. लोक आता मान तिरकी करून माझ्याकडे पाहत, हळू बोलत, खुर्ची पुढे करत. स्टुडिओत आरशासमोर गिऱ्हाइकांसाठी एक कंगवा आणि पावडरचा डबा असे. काही दिवसांत मला दिसलं की कंगवा कोणी उचलत नाही. पोरी पर्समधून आपला कंगवा काढत. एका बाईने विचारलंच, "हे लागते का हो दुसऱ्याले?" मी नाही म्हणालो. तिने मान हलवली आणि केस बोटांनी सारखे केले. तो कंगवा मी एका संध्याकाळी फेकून दिला आणि बायकोला म्हणालो, दात तुटले होते.

आईने मला जामसांवलीला नेलं. "देवाच्या दारी जायले लाज कायची?" ती म्हणायची. झोपलेल्या मारुतीचं दर्शन मी लहानपणापासून घेत आलो होतो, पण तेव्हा नवस फेडायला आलेल्या लोकांपैकी एक म्हणून. या वेळी मला त्या लोकांमध्ये बसवलं ज्यांना बाधा झाली म्हणून घरचे धरून आणतात. शेजारी एक बाई केस मोकळे सोडून डोलत होती. मी मान खाली घालून बसलो. कोणीतरी खांद्यावर हात ठेवला. सौंसरचा एक माणूस होता, त्याच्या घरच्या साखरपुड्याचे फोटो माझ्याकडे होते. माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि म्हणाला, "भाऊ, ते साक्षगंधाचे फोटो झाले का?"

"गुरुवारी घेऊन जा," मी म्हणालो. आई माझ्यावर रागावली की देवासमोर धंदा करतो म्हणून. मला मात्र तेवढ्या एका वाक्यापुरतं बरं वाटलं होतं.

हिवाळ्यात एका सकाळी, मी पडलो होतो त्या लग्नातल्या नवरीचे वडील स्टुडिओत आले. मी काउंटरच्या मागे बसलो होतो. उठलो नाही, कारण उठलो असतो तर काउंटर धरावा लागला असता. ते बराच वेळ भिंतीवरचे फोटो पाहत राहिले.

"पासपोर्ट साइज पायजे," ते म्हणाले.

"कोणत्या कामाले? पाठीमागचा पडदा तसा लावतो."

"असू द्या. येईल कामी."

स्टुलावर बसले. टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मी कॅमेरा स्टँडवर लावला. फ्लॅश पडला तेव्हा त्यांचे डोळे ओले होते की उजेडाने चमकले, सांगता येत नाही. "त्या दिवशी..." असं म्हणून ते थांबले. माझी त्यांना मदत करायची इच्छा होती, पण मी रोल पुढे सरकवत राहिलो. आपली बिमारी एका भल्या माणसाला असं स्टुलावर आणून बसवते, याची मला लाज वाटत होती. "परवा या," मी म्हणालो. ते आले, फोटो घेऊन गेले. पुढे त्यांच्या धाकट्या मुलाच्या लग्नाचं काम त्यांनी मलाच दिलं, डिसेंबरात, सकाळच्या मुहूर्ताचं. मुहूर्त माझ्यासाठी सकाळचा काढला का हे मी विचारलं नाही.

तसंच होत गेलं. मे महिन्यातली लग्नं मी सोडून दिली. तुळशीच्या लग्नानंतर जी लागतात ती घेऊ लागलो. गळ्यात ओला पंचा ठेवायचो. डाव्या डोळ्याने फोटो काढायला शिकलो. ऐकायला सोपं वाटतं, पण ते कॅमेरे उजव्या डोळ्याच्या माणसांसाठी बनवलेले. डावा डोळा लावला की नाक मागच्या झाकणावर चेपतं आणि रोल पुढे सरकवायचा दांडा दर वेळी उजव्या डोळ्यात घुसतो. वर्षभर माझ्या भुवईखाली एक खूण असायची. चालायला काठी लागत होती, पण काठी घ्यायची मला लाज. मग मी कॅमेऱ्याचा स्टँड बंद करून हातात धरू लागलो, तिन्ही पाय एकत्र, टेकत टेकत. लोकांना वाटे फोटोग्राफर मोठा चोख आहे, स्टँडशिवाय पाऊल टाकत नाही. मंगल कार्यालयाच्या पायऱ्याही मी त्यावर चढलो. बायकोला सगळं माहीत होतं. ती त्याच्या टोकांना रबर लावून आणायची.

इंजेक्शनं सुरू झाली ती फ्रिजमध्ये ठेवावी लागत. स्टुडिओत रोलसाठी एक छोटा फ्रिज होताच. एका कप्प्यात रोल, एका कप्प्यात इंजेक्शनं. टोचलं की रात्री ताप भरायचा, सकाळी मी दुकान उघडायचो.

बायको आधी हळदीच्या कार्यक्रमाला माझ्यासोबत यायची, फ्लॅश धरायला. एकदा माझा हात इतका कापत होता की मी कॅमेरा तिच्या गळ्यात अडकवला. तिने काढलेले ते फोटो धुऊन आले तेव्हा मी स्टुडिओत एकटाच होतो आणि ते पुन्हा पुन्हा पाहत होतो. बायका तिच्यासमोर लाजत नव्हत्या. हळद लावताना खिदळत होत्या. माझ्यासमोर त्या सगळ्या पदर सावरून बसायच्या. पुढच्या मोसमात लोक सांगायला लागले, "हळदीले बाईंले पाठवा." मी हो म्हणायचो आणि हिशेब करत बसायचो की मला कोणी बोलावलं का. तिने एकदाही त्याचा मोठेपणा केला नाही. त्यामुळे मला रागावताही येत नव्हतं.

एक गोष्ट मी बायकोलाही पुष्कळ वर्षं सांगितली नव्हती.

आमची मुलगी आठवीत असताना तिच्या शाळेतून वर्गाच्या फोटोचं बोलावणं आलं. थंडीचे दिवस, मैदानात बाकांची उतरंड लावलेली, पहिली रांग सतरंजीवर. मुलगी पहिल्या रांगेत बसली होती. पोरींना गप्प करायला वेळ लागला. एकीची रिबीन सुटली, मुख्याध्यापिका बाईंची खुर्ची मागे-पुढे झाली. लघवीची घाई मला जाणवली होती. पण सगळं जुळून आलं होतं आणि मला वाटलं, एवढा एक फोटो, मग जाऊ. शरीराने माझं ऐकलं नाही. पँट ओली झाली, गुडघ्यापर्यंत. मी कॅमेऱ्यामागे उभा होतो, पण स्टँडचे तीन पाय माणसाला काय झाकणार?

कोणीतरी खुदकन हसलं. मी बटण दाबलं. का दाबलं माहीत नाही. हात त्यासाठीच तयार होता.

मुख्याध्यापिका बाई उठल्या. "सर, ऑफिसच्या बाजूले खोली आहे," एवढंच म्हणाल्या, आणि पोरींना दुसऱ्या दाराने आत नेलं. दुसरा फोटो घ्यायची माझी हिंमत झाली नाही. एकच फोटो होता, तोच धुतला.

त्या फोटोत मागच्या रांगा सरळ समोर पाहतात. पहिल्या रांगेतल्या पोरींचे डोळे खाली आहेत, लेन्सच्या खाली, माझ्या पायांकडे. सगळ्यांचे. फक्त आमची मुलगी लेन्समध्ये पाहते आहे. मान ताठ, ओठ घट्ट. पापणीही न हलवता बसली असेल. शाळेने फोटो मोठा करून ऑफिसात लावला. मी दर वर्षी परीक्षेच्या फॉर्मचे फोटो काढायला त्या शाळेत जायचो आणि तो फोटो तिथे असायचा. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. पहिली रांग जरा शिस्तीची आहे, मान खाली घालून बसली आहे, असं एक शिक्षक म्हणालेही.

मुलगी त्यावर कधी बोलली नाही. त्या दिवशी घरी आल्यावर तिने भाकरी खाल्ली, अभ्यास केला, आणि झोपताना विचारलं, "बाबा, माही रिबीन नीट आली का फोटोत?"

"आली," मी म्हणालो.

आता ती नागपूरला नोकरी करते, तिला लेकरू आहे. आमचं वाईट चाललं नाही, हे मला लिहिलंच पाहिजे. एकदा दोन्ही पाय गेले होते, सलाईनवर पडून राहिलो, आणि परत उभा राहिलो. मग एकदा उभा राहिलो नाही, चाकाची खुर्ची आली. रोल गेले, मोबाइल आले, लग्नाला पोरं उडणारे कॅमेरे घेऊन यायला लागली. बाहेरचं काम मी हळूहळू सोडलं आणि स्टुडिओत बसलो. कूलर आहे, पुढे एसी बसवला. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून नवी ऑफिसं आली, आणि प्रत्येक ऑफिसच्या फॉर्मवर फोटो चिकटवायची जागा असते. बायको समोरची लाइट सारखी करते, मी बसल्या जागेवरून फोटो काढतो. दुपारी आम्ही पडदा ओढून तिथेच जेवतो. ती माझ्या पायात मोजे घालते तेव्हा मी अजूनही दुसरीकडे पाहतो. तीस वर्षं होत आली, तरी पाहतो.

गेल्या वर्षी गावातल्या एका मंडळाने माझा सत्कार ठेवला. मी नको म्हणालो. बायको म्हणाली, "लोक चांगलं म्हणून राहिले तं घ्या न." स्टेज उंच होतं आणि पायऱ्या लाकडी. चार जणांनी मला खुर्चीसकट उचललं. वर नेताना खुर्ची तिरकी झाली, माझी चप्पल खाली पडली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. चप्पल कोणीतरी वर आणून माझ्या हातात दिली, त्यालाही टाळ्या. बोलणारा म्हणाला, यांनी बिमारीला हरवलं. मी शाल अंगावर घेऊन बसलो होतो, एक पाय अनवाणी. हरवलं कुठे? ती माझ्याच खुर्चीत बसली आहे. मला माइक दिला तेव्हा मी धन्यवाद म्हणालो आणि परत केला. घरी येताना बायकोने विचारलं, "काहून बोलले नाही?"

"काय बोलू? यात मी काय केलं? जे केलं ते तू केलं."

"मग तेच बोलायचं असतं न तिथं," ती म्हणाली, आणि खरंच रागावली. दोन दिवस तिचं जेवण वाढणं धडाधड होतं. ते तिला स्टेजवरून ऐकायचं होतं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. सत्काराची मला लाज वाटली होती, पण ही लाज त्याहून खोल गेली.

तिसऱ्या दिवशी दुकानात एक म्हातारी आली, पेन्शनच्या कागदासाठी फोटो काढायला. मान सतत हलत होती, दुसऱ्या दुकानात तीनदा फोटो हलला म्हणून तिला परत पाठवलं होतं. स्टुलावर बसली आणि दोन्ही हातांनी स्वतःची हनुवटी धरून ठेवायला लागली.

"हात काढा माय," बायको म्हणाली. "फोटोत येतील."

"मान थांबतच नाही वो बाई. लाज वाटते मले."

"मले पण वाटते," मी म्हणालो. म्हातारीने माझ्याकडे, मग खुर्चीकडे पाहिलं. "घाई नाही. तुमी बसा निवांत. मी बसलोच आहो."

बायकोने तिला पाणी दिलं. म्हातारी सुनेबद्दल, गावच्या बसबद्दल बोलायला लागली. मी डावा डोळा लावून वाट पाहत राहिलो. वाट पाहणं मला येतं. बोलता बोलता तिला काहीतरी आठवलं आणि ती क्षणभर थांबली, तिच्यासोबत मानही थांबली. मी बटण दाबलं.

स्क्रीनवर फोटो दाखवला तर तिने डोळे बारीक करून पाहिला. "केस पांढरेच आले न," ती म्हणाली. बायको हसली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसली.